सेवेला बदली हवी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, असा शिरस्ता आहे. चालकांनी यंदा तो मोडला. माझे शाळेतले शिक्षण लवकर आटोपले. पुढचे झाले ते जिनिंग-प्रेसिंगच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकांत. तेव्हा 'वृद्धांची सेवा आणि समाजाचे कर्तव्य' असा भारदस्त विषय मला दिला असला, तरी मी तो माझ्या धंद्याच्या भाषेतच मांडणार. माझ्या धंद्यात पहिले प्रश्न ठरलेले असतात : हे काम करते कोण, किती तास करते, आणि करणारा थकला म्हणजे त्याच्या जागी उभा कोण राहतो?

आपल्या जिल्ह्यात पुलगावला, हिंगणघाटला कापडगिरण्या होत्या. गिरणीत 'बदली' म्हणून एक कामगार असे. कायम कामगार आजारी पडला किंवा गावी गेला, की फाटकाशी ताटकळत उभ्या असलेल्या बदलीवाल्याला आत घेत. त्या बिचाऱ्याला कायमपणा नव्हता, हक्काची रजा नव्हती. त्याच्यासाठी आम्ही पुष्कळ भांडलो. पण एक गोष्ट कंजूष मालकालाही कळत होती, ती ही की माग चालू ठेवायचा तर त्याच्यामागचा माणूस बदलावा लागतो. एकाच माणसाला तिन्ही पाळ्या उभे केले तर माणूसही जातो आणि मालही बिघडतो.

जे गिरणीमालकाला कळत होते, ते आपल्या घरांना अजून कळलेले नाही. आज मला एवढेच सांगायचे आहे.

आमच्या संघटनेत एक बाई होत्या. नाव सांगत नाही, कारण त्यांच्यासारख्या प्रत्येक गल्लीत आहेत. कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये काम करीत. सासूला लकवा झाला, उजवे अंग गेले. मालक, म्हणजे यजमान, रात्रपाळीचे चौकीदार. सहा वर्षे ती म्हातारी अंथरुणावर होती. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला, कमरेला जखमा होतात. दिवसा द्यावी लागते तशी रात्रीही द्यावी लागते. भरवणे, पुसणे, लुगडे बदलणे, चादरी धुणे, औषधाच्या वेळा पाळणे, आणि मध्येच म्हातारी रडू लागली तर तिच्यापाशी बसणे, हे सारे त्या बाई करीत. खाडे फार होतात म्हणून हंगामाचे काम गेले. सहा वर्षांत माहेरी एकदा गेल्या, भावाच्या लग्नाला, आणि अक्षता पडताच परत आल्या. सारी गल्ली म्हणे, सून असावी तर अशी! मीही एकदा तसेच म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, शाबासकी काय करू? एखादी दुपार भेटली असती तं बरं झालं असतं." मी विचारले, दुपार मिळाली तर काय कराल? म्हणाल्या, "झोपन."

मंडळी, ही मागणी आपण नीट ऐकली पाहिजे. यात पैसा मागितलेला नाही. सासूपासून सुटका मागितलेली नाही. एक दुपार मागितली आहे.

आणि दुसरी बाजूही पाहा. त्या म्हातारीने सहा वर्षांत थकलेल्या सुनेशिवाय दुसरे तोंड किती वेळा पाहिले असेल? भेटायला येणारे दारातूनच "कसं आहे?" विचारून जात. आपण कुणाच्या जिवावर ओझे होऊन पडलो आहोत, हे अंथरुणावरच्या माणसाला आपल्यापेक्षा लवकर कळते. घरी बदलीचा माणूस आला तर सुनेला झोप मिळते, हे खरे. पण सासूलाही बोलायला एक नवे माणूस मिळते. दोघींचे हित एकच आहे.

आता कोणी म्हणेल, पूर्वी हे प्रश्न कुठे होते? एकत्र कुटुंब होते, मुले आज्ञाधारक होती. आता मुले बिघडली. हे निदान मला मान्य नाही. यात नीतीपेक्षा हिशेबाचा भाग मोठा आहे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास आपल्याकडचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७०च्या आसपास आहे. पूर्वी लकव्याचा झटका आलेला माणूस बहुधा थोड्या दिवसांत जाई. आज तो वाचतो आणि वर्षानुवर्षे जगतो. स्मृतिभ्रंश झालेले माणूसही दहा-दहा वर्षे जगते. २०११च्या जनगणनेत साठीपुढची माणसे देशात १० कोटी ३८ लाख होती, आणि आपल्या महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ११ लाख. उलट घरे लहान झाली. पूर्वी एका म्हातारीमागे चार सुना, दोन नणंदा आणि पोरांचे लेंढार असे; आज एक सून, आणि तीही कामावर जाणारी. मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. काम वाढले आणि हात कमी झाले. अशा वेळी कारखान्यात माणसे वाढवावीत म्हणून आपण संप करतो. घरात मात्र उरलेल्या दोन हातांना 'कर्तव्य, कर्तव्य' म्हणून टोचतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. आईबापांची सेवा हा धर्म. धर्मात पाळ्या आणि रजा कसल्या मोजता? मी आपल्याला आठवण देतो. मुंबईच्या गिरणीकामगाराला १८८४ साली आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि आठवड्यातून एक दिवस मागितला. तो मिळायला १८९० साल उजाडावे लागले. आज रविवारी आपण निवांत चहा पितो तो त्या माणसाच्या खटपटीमुळे. सुट्टी मिळाल्याने कामगार कामाला विटला का? उलट, विश्रांती घेतलेला हात काम चांगले करतो, हे जगाने मान्य केले. विश्रांतीने गिरणीतले काम बिघडत नाही, तर घरातली माया तरी का बिघडावी? माया आटते ती विश्रांती न मिळाल्याने. रात्रभर जागलेल्या माणसाच्या तोंडून सकाळी जो शब्द निघतो, त्याला आपण स्वभावदोष म्हणतो. तो बहुतेक वेळा जागरणाचा दोष असतो.

बाहेरच्या देशांत या प्रश्नाची दखल कायद्याने घेतली गेली. ब्रिटनने १९७६ साली घरी राहून आजाऱ्याची शुश्रूषा करणारांसाठी भत्ता सुरू केला. पण त्यातून लग्न झालेल्या बायकांना वगळले. कारण काय, तर ती तशीही घरीच असणार! नोकरी सोडून आईची शुश्रूषा करणाऱ्या एका विवाहितेने दावा लावला, तो युरोपच्या न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८६ साली ती अट निघाली. म्हणजे 'ती घरीच तर असते' हे वाक्य आपल्याच गल्लीत बोलतात असे नाही. जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा विमा सुरू केला. घरी सेवा करणारा आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला तर त्याच्या जागी माणूस लावण्याचा खर्च त्या विम्यातून मिळतो. आमच्या भाषेत, बदलीचा पगार! जपानने २००० साली असाच विमा आणला. चाळिशी ओलांडली की हप्ता सुरू होतो, आणि पुढे म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची केंद्रे, चार दिवस मुक्कामाची सोय, घरी येणारे मदतनीस अशा सोयी त्यातून मिळतात.

आपल्या सरकारने काही केले नाही, असे मी म्हणणार नाही. जे आहे ते आधी पदरात पाडून घ्यावे, म्हणून थोडक्यात सांगतो. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. मुले सांभाळत नसतील तर उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो, निकाल ९० दिवसांत व्हावा असे कायदा म्हणतो, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च लावून देता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिले आणि मग सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ साली महिना १,५०० रुपये झाले. त्याचा अर्ज तहसील कचेरीत करावा. एस. टी.चा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आहे. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, रुग्णालयात दाखल होऊन वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेत झाली. आणि १४५६७ हा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. ज्येष्ठ नागरिकांसाठी तो देशभर चालतो, पैसे पडत नाहीत.

आमच्या कामगारांचे म्हणाल तर १९९५च्या पेन्शन योजनेत सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन ठरली १,००० रुपये. तीस-तीस वर्षे नोकरी करून इतक्याच पेन्शनीवर आलेल्या म्हाताऱ्यांनी बुलडाण्याला डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण मांडले. साखळी उपोषण म्हणजे काय? आज हे बसले, उद्या ते बसतील. म्हातारी माणसेही उपोषणाला बदली ठेवतात, कारण लढा लांबचा आहे हे त्यांना ठाऊक असते. सेवाही लांबचीच असते.

तर या सोयी घ्याव्या, मागून घ्याव्या, न मिळाल्यास भांडून घ्याव्या. त्या कामी आमची युनियनची कचेरी उघडी आहे. पण या यादीवरून पुन्हा एकदा नजर फिरवा. कायदा सांगतो, पैसे कुणी द्यायचे. योजना सांगते, इस्पितळाचे बिल कुणी भरायचे. रात्री दोन वाजता कूस कुणी बदलायची, आणि ती बदलणारीला मंगळवारची एक दुपार कुणी द्यायची, हे कुठेच लिहिलेले नाही.

ज्यांच्याजवळ पैसा आहे ते शहरांतून ब्यूरोची बाई लावतात. त्या बाईविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ती आमची आहे. बारा-बारा तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी मिळाली तर मिळाली, आणि ब्यूरोचा वाटा कापून हाती येईल तो पगार. दुसऱ्याच्या आईला भरवताना तिची स्वतःची आई घरी एकटी असते. एका बाईची थकवणूक दुसऱ्या गरीब बाईच्या अंगावर ढकलणे याला मी तोड म्हणत नाही. तिला वाजवी पगार आणि सुट्टी मिळालीच पाहिजे. पण ज्यांना ब्यूरो परवडत नाही अशी घरे आपल्या आसपास अधिक आहेत, आणि आजचा मुख्य प्रश्न त्यांचा आहे.

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपण सेवाग्रामात बसलो आहोत. गांधीजी येथे १९३६ साली आले तेव्हा या गावाचे नाव शेगाव होते आणि त्यांचे स्वतःचे वय ६६ होते. पुढे संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री महारोगाने जर्जर होऊन आश्रमात आले. त्या काळी महारोग्याला गावकुसाबाहेर काढीत. गांधीजींनी त्यांच्यासाठी आपल्या कुटीच्या जवळ झोपडी बांधवली आणि ते स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. ती परचुरे कुटी आजही आहे. बाहेरगावचे पाहुणे तिचे फोटो काढतात. मला तिच्यातून एक साधी गोष्ट दिसते. आजारी माणूस मागच्या खोलीत न लपवता वस्तीच्या मध्ये आणून ठेवला, म्हणजे त्याची सेवा साऱ्या वस्तीची होते. आपण आज उलट करतो. अंथरुणावरचे माणूस मागच्या खोलीत, आणि त्याच्याबरोबर त्याची सेवा करणारीही मागच्या खोलीत.

दुसरे उदाहरण कस्तुरबा रुग्णालयाचे. आजूबाजूच्या गावांसाठी त्या रुग्णालयाने ज्वारीची विमा योजना चालवली. सुगीच्या वेळी घराघरातून ज्वारी जमा करायची. ज्याच्याजवळ शेती जास्त त्याची ज्वारी जास्त. त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचे काम चाले आणि वर्गणी भरणाऱ्याला रुग्णालयात सवलत मिळे. रोख पैसा नसलेल्या शेतमजुरालाही त्या विम्यात उतरता आले, कारण त्याच्याजवळ जे होते तेच मागितले गेले. मी हेच म्हणतो आहे. आपल्याजवळ पैसा नसेल, ज्वारीही नसेल. वेळ आहे. वेळेची वर्गणी जमा करू या.

आणि असे घडू शकते याचा दाखला केरळात आहे. १९९३ साली कोझिकोडे येथे असाध्य दुखण्याच्या रुग्णांसाठी डॉक्टरांनी एक संस्था काढली. एकट्या डॉक्टरांनी हे काम पुरे होत नाही असे दिसले, तेव्हा २०००च्या सुमारास मलप्पुरम व आसपासच्या भागांत शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. ही माणसे आठवड्यातून काही तास देतात, घरोघर जातात, जखमा होऊ नयेत म्हणून काय करावे ते दाखवतात, धान्य-औषधाची नड भागवतात. लोकांच्या छोट्या वर्गण्यांवर ते काम उभे राहिले. २००८ साली राज्य सरकारने त्यावरून धोरण केले आणि पंचायतींनी ते उचलले. क्रम लक्षात घ्या : आधी शेजारी उठले, मग सरकार उठले.

आता हिशेब मांडतो, कारण हिशेबाशिवाय ठराव म्हणजे नुसती टाळ्यांची सोय. एका गल्लीत ४० घरे धरा. त्यांपैकी ४ घरांत अंथरुणावरचे किंवा भान हरपलेले माणूस आहे असे समजू. प्रत्येक अशा घराला आठवड्यातून एक दुपार, चार तास, द्यायची. म्हणजे आठवड्याला ४ पाळ्या झाल्या. उरली ३६ घरे. एका घराची पाळी नऊ आठवड्यांनी एकदा येते! वर्षातून सहा दुपारी. एवढा वेळ आपण लग्नाच्या पंगतीची वाट पाहण्यात घालवतो.

नियम थोडे असावेत. एका घरातून दोघांनी जावे. एकाला अडचण आली तर दुसरा असतो, आणि माणूस उचलायला दोघे लागतातच. दोघांपैकी एक पुरुष असावा. सेवा हे बायकांचेच काम, ही समजूत आपोआप जाणार नाही. पुरुषाच्या हाती मूत्रपात्र आले म्हणजे जाईल. औषधात बदलीने हात घालू नये. कूस कशी बदलायची, भरवताना ठसका लागू नये म्हणून कसे बसवायचे, हे आधी एखाद्या नर्सकडून दोन दुपारी शिकून घ्यावे. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि तिथले विद्यार्थी पहिल्याच वर्षी गावात राहून घराघराशी ओळख करून घेतात. ज्या गावाला असा शेजार लाभला, त्याला शिकवणारा मिळाला नाही, ही सबब चालणार नाही. गल्लीत एक कपाट असावे, त्यात खुर्चीचा संडास, चाकाची खुर्ची, हवेची गादी, कुबड्या. एकाचे काम झाले की धुऊन दुसऱ्याला. एक हजेरीवही असावी. आणि शेवटचा नियम सर्वांत कडक : बदलीने घरच्या बाईला उपदेश करायचा नाही. 'आमच्या आईला आम्ही असे करीत असू' हे वाक्य उच्चारणाऱ्याचे नाव वहीतून काढावे.

एक अडचण राहिली, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. कोण कोणाच्या घरात जाणार? कोणाच्या हातचे पाणी कोण पिणार? सभेत आपण सारे एक असतो. म्हातारीच्या खाटेपाशी गेल्यावर जात आठवते. वहीतली नावे कुठे अडली तर इथे अडतील, हे मी आजच सांगून ठेवतो. म्हणून पाळ्या घरांच्या क्रमांकाने लावाव्या, जातीने नव्हे. एखादी आजी पहिल्या दिवशी तोंड फिरवील. रागावू नये, जुने माणूस आहे. दुसऱ्या दुपारी जाऊन बसावे, तिसऱ्या दुपारी जावे. तहान लागल्यावर तिच्या हाताशी तुम्हीच असणार आहात.

बंधुभगिनींनो, मी युनियनचा माणूस, मागणी केल्याशिवाय भाषण संपवण्याची मला सवय नाही. पण आज मागणी सरकारकडे नाही, मालकाकडे नाही. समोर पाहा. या मंडपात पुरुष पुष्कळ आहेत, तरुण आहेत, फिरती-बोलती ज्येष्ठ मंडळी आहेत. ज्यांच्याविषयी मी तासभर बोललो त्या मात्र फारशा आलेल्या नाहीत. त्यांना व्याख्यान नको आहे म्हणून नव्हे. घरून निघायला त्यांना बदली मिळाली नाही. दाराजवळच्या टेबलावर एक कोरी वही ठेवली आहे. जाताना तीत आपले नाव, घराची ओळख आणि आठवड्यातली एक मोकळी दुपार लिहा. ज्यांच्या घरी अंथरुणावर माणूस आहे त्यांनी तेही लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. येत्या रविवारी आमच्या कचेरीत ती वही उघडून पाळ्या लावू. पुढल्या वर्षीच्या व्याख्यानमालेला या मंडपात काही नवे श्रोते दिसले, तर आजचा तास फुकट गेला नाही असे मी समजेन.